दोन मामांच्या घंटा

मी लिहिलेला सगळ्यात चांगला प्रोग्राम गडमुडशिंगीच्या एका लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी अडकला, हे गडमुडशिंगीपासून मलकापूरपर्यंत पुष्कळ लोकांना माहीत आहे. त्या लग्नात जेवायला काय होतं ते लोक विसरले, नवऱ्या मुलाचं नाव विसरले, पण "त्यो कंप्युटर अडकलता बघा" हे कुणी विसरत नाही. मी आजवर यावर एक अक्षर बोलले नाही. आता धंदा बंद केलाय, चष्म्याचा नंबर वाढलाय आणि कुणी माझं काही वाकडं करेल अशी भीती राहिलेली नाही, म्हणून सांगून टाकते.

मंगळवार पेठेत आमचं दुकान होतं. आमचं म्हणजे माझं आणि इकबालभाईंचं. मी प्रोग्राम लिहायची आणि इकबालभाई उरलेलं सगळं करायचे. आधी त्यांचं आयुष्य लाउडस्पीकर दुरुस्त करण्यात गेलं होतं. कुणी बंद पडलेला कंप्युटर आणला की ते आधी त्याचा वास घेत. जळका वास आला तर काम त्यांचं, नाही आला तर माझं. ही विभागणी आम्ही वीस वर्षं पाळली आणि त्यावरून आमचं कधी भांडण झालं नाही.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. गडमुडशिंगीचे अप्पा दुकानात आले. अप्पांचा मूळ व्यापार गुळाचा. त्यात मन रमेना म्हणून त्यांनी गावाबाहेर मंगल कार्यालय बांधलं होतं आणि तिथेही मन रमेना अशी परिस्थिती होती.

"सुलूअक्का," ते म्हणाले, "कार्यालयात माणसं निस्ती पळत्यात. पंगत बसली म्हणून आचाऱ्याला सांगाय एक पळतोय, बँडवाल्याला सांगाय दुसरा पळतोय, आन् दोघं दारात धडकत्यात. परवा एकाच्या हातात आमटीची बादली हुती. तुमच्या कंप्युटरनं ह्ये पळणं बंद हुईल का, तेवढं सांगा."

मी लगेच "होईल" म्हटलं. आमच्या धंद्यात आधी हो म्हणायचं आणि मग घरी जाऊन डोकं धरून बसायचं, अशी पद्धत आहे.

पहिला प्रोग्राम मी सरळ लिहिला. ऑफिसात एक कंप्युटर. त्यातून इकबालभाईंनी वायरी काढून आचाऱ्याकडे घंटा, बँडवाल्याकडे लाल दिवा, जनरेटर, पंखे, लाउडस्पीकर असं सगळं जोडलं. प्रोग्रामच्या आत प्रत्येकासाठी एकेक भाग होता आणि प्रत्येक भाग दुसऱ्या भागाला नाव घेऊन हाक मारायचा. चूक इथेच झाली. अशाने आचाऱ्याच्या भागाला बँडची सगळी खबर ठेवावी लागते आणि बँडच्या भागाला जनरेटरची. इकबालभाईंनी एक दिवस लाउडस्पीकरचा ॲम्प्लिफायर बदलला, म्हणून मी त्या भागाचं नाव बदललं, तर पंखे बंद पडले. पंखे सुरू केले तर आचाऱ्याची घंटा बंद. इकबालभाईंनी मशीनचा वास घेतला आणि म्हणाले, "सुलूताई, वास न्हाय. तुमचं काम."

मग मी पुण्याहून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मागवलं आणि त्यात मला इव्हेंट बस सापडली. हे नाव मी अप्पांना कधीच सांगितलं नाही. गडमुडशिंगीत बस म्हटलं की पुढचा अर्धा तास ती कुठे थांबते यात गेला असता.

वाचकांना मात्र सांगते, कारण गोष्ट अगदी सोपी आहे. लहानपणी आमच्या गल्लीत दवंडीवाला यायचा. हलगी वाजवायचा आणि ओरडायचा, "उद्या पाणी येणार न्हाय हो!" कुणाच्या घरी हंडा रिकामा आहे, कुणाचं धुणं पडलंय, त्याला काय देणंघेणं? तो ओरडून पुढे जायचा. ज्याला गरज असेल तो कान देऊन ऐकायचा आणि आपापली भांडी भरायचा. इव्हेंट बस म्हणजे प्रोग्रामच्या पोटातली दवंडी. कुणी कुणाला नाव घेऊन हाक मारायची नाही. "पंगत बसली" एवढंच ओरडायचं. ज्या भागाने त्या दवंडीला कान लावलाय तो आपलं काम करेल. नवीन कुणी आला तर त्याने आपला कान लावायचा, जुना गेला तर कान काढून घ्यायचा. बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. हे सगळं एकाच मशीनच्या एकाच प्रोग्रामच्या आत चालतं, बाहेर काही नाही.

मी महिनाभर खपून सगळं नव्याने लिहिलं. ऑफिसच्या खिडकीतून स्टेज दिसायचं. तिथे बसून एक बटण दाबायचं आणि दवंडी पिटली जायची. खरं सांगते, पहिल्यांदा एका बटणावर आचाऱ्याची घंटा वाजली, दिवा लागला, पंखे फिरले, तेव्हा मी खुर्चीत बसल्या बसल्या रडले. इकबालभाई म्हणाले, "आता पुसा डोळं. कीबोर्डवर पडंल."

पहिली फजिती अप्पांच्या नम्रतेमुळे झाली. त्यांनी स्वतःच्या आवाजात सूचना रेकॉर्ड केल्या होत्या. त्यात त्यांना वाटलं, प्रत्येक सूचनेनंतर पाहुण्यांचे आभार मानले पाहिजेत. मी म्हटलं, किती सोपं! लाउडस्पीकर बोलून थांबला की "सूचना झाली" अशी दवंडी पिटतोच. त्या दवंडीला आभाराचा एक कान लावून दिला.

एका साखरपुड्याला मी "पंगत बसली" दाबलं. अप्पांचा आवाज आला, "पावण्यांनी सावकाश जेवावं." सूचना झाली. मग, "समद्यांचा आभारी हाय, धन्यवाद!" आता धन्यवाद हीसुद्धा सूचनाच की. ती झाली म्हणून पुन्हा दवंडी, म्हणून पुन्हा धन्यवाद. मग पुन्हा. पाहुण्यांनी पहिल्या तीन धन्यवादांना माना डोलावल्या. एक वयस्कर गृहस्थ प्रत्येक वेळी घास खाली ठेवून हात जोडत होते. घास काही त्यांच्या तोंडापर्यंत पोचेना. आणि पोचून तरी काय, पानात नुसतं मीठ-लिंबू होतं. कारण एका प्रोग्रामच्या पोटात दवंडी एकेका कानाला क्रमाने पोचते. पहिल्याचं काम संपलं की दुसरा. आचाऱ्याचा कान अप्पांच्या धन्यवादाच्या मागे रांगेत उभा होता आणि ते धन्यवाद काही संपत नव्हते. शेवटी इकबालभाईंनी प्लग उपसला.

"लई झालं आभार," आचारी खिडकीशी येऊन म्हणाला. "आता वाढू का?"

तो दोष मी दोन ओळींत काढला. पण दवंडी एकेका कानाला क्रमाने पोचते, ही गोष्ट लक्षात ठेवा. ती पुढे मामांनी पकडली.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. लोकांना सवय लागली. घंटा वाजल्याशिवाय आचारी झारा उचलेना, दिवा लागल्याशिवाय बँडवाला फुंकेना. आणि मग अप्पांच्या थोरल्या मुलीचं, शैलाचं लग्न ठरलं. स्थळ मलकापूरचं. नवऱ्या मुलाचे मामा मलकापुरातच नवीन मंगल कार्यालय बांधत होते, आणि त्यांचे चार दोस्त होते, त्या चौघांचीही कार्यालयं होती. अप्पांनी बैठकीतच फुशारकी मारली होती. मामा म्हणाले होते, "लग्नात बघतो तुमचा कंप्युटर. झ्याक चालला तर पाच ठिकाणी बसवायचा, आपला शबूद."

पाच कार्यालयं! इकबालभाईंनी तर दुकानाच्या नव्या पाटीचा रंगसुद्धा मनात ठरवला. हिरवा. मीही रोज झोपताना पाचांचे पंधरा कसे होतील याचा विचार करू लागले.

लग्नाच्या दोन दिवस आधी मलकापूरचे मामा पाहणीला आले. योगायोगाने नवरीचे मामाही आले होते. ते निपाणीचे, अप्पांच्या बायकोचे सख्खे भाऊ. आमच्याकडे मामाचा मान मोठा. नवरीला तिचा मामा स्टेजवर आणणार आणि नवऱ्याला त्याचा मामा. म्हणून मी दोघांच्या खोल्यांत एकेक घंटा ठेवली होती. मी मोठ्या ऐटीत "मुहूर्त" दाबलं. निपाणीकरांची घंटा वाजली आणि तिला लागूनच मलकापूरकरांची.

मलकापूरचे मामा खोलीतून बाहेर आले ते थेट जीपमध्ये जाऊन बसले.

"काय झालं पावणं?" अप्पा धावले.

"मला मागनं कळवलं."

"अहो, जेमतेम अर्ध्या सेकंदाचा फरक आहे," मी म्हटलं.

"व्हय, पर मागनंच की!"

बरोबर होतं त्यांचं. मी क्रम उलटा केला. मग निपाणीचे मामा कमरेवर हात ठेवून अर्ध्या कानडीत म्हणाले, "नम्म हुडगीचं लगीन हाय. आमच्या पोरीच्या मामाला मागनं? काय कारण?"

अप्पा माझ्याकडे वळले. "सुलूअक्का, दोघांस्नी एकदमच कळवा."

"अप्पा, ते होत नाही. एका प्रोग्रामच्या आत एक आधी, एक नंतर. ब्रह्मदेव आला तरी."

अप्पांच्या कपाळावर घाम आला होता. एका घंटेवरून सोयरीक मोडते की काय, असं त्यांना खरंच वाटत होतं आणि मलाही. तेव्हा इकबालभाई पुढे झाले. त्यांनी दोन कान काढायला लावले आणि एकच ठेवायला सांगितला. त्या एका कानातून निघालेली तार त्यांनी दुभागली आणि दोन्ही घंटांना जोडली. "प्रोग्रामला मानपान समजतंय," ते म्हणाले, "करंटला न्हाय. आता दाबा."

दोन्ही घंटा एकदम वाजल्या. मलकापूरचे मामा जीपमधून उतरले, वायरीच्या मागोमाग चालत आपल्या खोलीपर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, "माझी वायर लांब हाय."

कुणी हसलं नाही. हसण्याची हिंमत नव्हती. मांडववाल्याकडून टेप मागवली. एक टोक निपाणीच्या मामांनी धरलं, दुसरं मलकापूरच्या, आणि सगळ्या कार्यालयाभोवती वायर मोजली गेली. मलकापूरची अठरा फूट जास्त भरली. इकबालभाईंनी निपाणीकरांच्या वायरीला अठरा फुटांचा तुकडा जोडला आणि त्याचं भेंडोळं त्यांच्या खुर्चीखाली ठेवलं. पाचच मिनिटांत मलकापूरचे मामा परत. "त्येंच्या खुर्चीखाली येवढं भेंडोळं, आन् आमच्या खुर्चीखाली काय?" शेवटी ते भेंडोळं छतात लपवलं, तेव्हा कुठे दोघं मामा एका ताटात चिवडा खायला बसले. मापं काढता काढता त्यांची चांगलीच दोस्ती झाली होती.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी सगळे कान पुन्हा तपासले. आचारी, बँड, जनरेटर, पंखे, लाउडस्पीकर, मामा, फोटोवाला, अक्षता वाटणारे, लग्न लावणाऱ्या जंगम स्वामींच्या समोरचा दिवा. आइस्क्रीमच्या गाडीलासुद्धा एक बारका हिरवा दिवा होता. एकही कान सुटला नाही म्हणून मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

"मुहूर्त" दाबलं. घंटा एकदम वाजल्या. दोन्ही मामा आपापल्या भाच्याभाचीला घेऊन एकाच वेळी स्टेजवर पोचले. मलकापूरच्या मामांनी स्टेजवरूनच आपल्या चार दोस्तांना डोळ्यांनी खूण केली. आता फक्त "अक्षता" दाबायचं बाकी होतं. जंगम स्वामी दिव्याकडे बघत होते. बँडवाला गाल फुगवून तयार होता. हजारभर माणसं मुठीत अक्षता धरून गप्प उभी होती.

माझं बोट बटणावर होतं आणि माझी नजर शैलाकडे गेली. ती मान उंच करून कुणाला तरी शोधत होती. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, पुन्हा उजवीकडे. आणि मला कळलं.

अव्वा नव्हती.

अव्वा म्हणजे अप्पांची बायको, शैलाची आई. सगळं गाव तिला अव्वाच म्हणायचं. ती कुठे असणार ते मला पक्कं ठाऊक होतं. कार्यालयाच्या पार मागे कोठीघर होतं. किल्ल्या तिच्या कमरेला, कारण साखरेच्या पोत्याबाबत तिचा जगात कुणावर विश्वास नव्हता. कोठीघराला जाड दार, शेजारी ग्राइंडरची घरघर. तिथे ना लाउडस्पीकर ऐकू जात होता ना बँड. आधीच्या दिवसांत तिला बोलवायला कुणीतरी पळत जायचं. ते पळणं आम्ही बंद केलं होतं.

मी आइस्क्रीमवाल्याला दिवा दिला होता. दोन मामांसाठी टेप लावून वायर मोजली होती. नवरीच्या आईसाठी कुणी कान मागितला नाही आणि मला, एका बाईला, तो सुचला नाही. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"इकबालभाई, कोठीघर!" एवढंच मी म्हटलं. त्यांनी स्टेजकडे एकदा बघितलं आणि पळत सुटले. पासष्टीचा माणूस, नवा शर्ट घालून, आमटीच्या बादल्या चुकवत.

मी बोट उचललं. एक मिनिट गेलं. घंटेविना हलायचं नाही ही सवय मीच लावलेली, त्यामुळे कुणी हलेना. अप्पा स्टेजवरून हातवारे करू लागले. मलकापूरच्या मामांचे चारही दोस्त खिडकीशी आले.

"काय झालं हो बाई?"

खरं सांगितलं असतं तर प्रोग्राम वाचला असता. "नवरीच्या आईची वाट बघतेय," एवढंच म्हणायचं होतं. पण मग हजार माणसांत कुजबुज झाली असती की नवरीची आईच वेळेवर जाग्यावर नाही. मलकापूरकरांनी ते शैलाला जन्मभर ऐकवलं असतं.

"हँग झालाय," मी म्हटलं.

"आत्ता?"

"आत्ताच."

मी उगाच बटणं बडवल्यासारखं केलं. स्वामी ओरडले, "बाई, वेळ टळतीया!" मागून कुणीतरी म्हणालं, "बडवा की जरा वरनं, आमचा टीव्ही तसाच चालतोय." त्या चौघांपैकी एकाने खरोखरच हात आत घालून मॉनिटरला एक थाप मारली. माझा जीव तुटत होता. त्या मशीनला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं.

तिसऱ्या मिनिटाला मागच्या दारातून अव्वा आली. पदर खोचलेला, हाताला साखर, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मागे इकबालभाई धापा टाकत. ती गर्दीतून वाट काढत स्टेजच्या पायरीशी पोचली. शैलाची मान थांबली. तिने एकदाच आईकडे बघितलं आणि खाली बघितलं.

मी बटण दाबलं. दिवा, बँड, अक्षता, फोटो, सगळं जिथल्या तिथे झालं. इतकं सुंदर ते पुन्हा कधी चाललं नाही.

जेवणं झाल्यावर मलकापूरचे मामा ऑफिसात आले. वाईट बोलले नाहीत. "बाई, सगळं झ्याक हाय. पर ऐन टायमाला अडकतंय म्हटल्यावर काय करायचं? आमच्याकडं आपला माणूसच बरा." पाच कार्यालयं गेली. अप्पांनी तीन महिने माझ्याशी अबोला धरला आणि हातात माइक आणि तोंडात शिट्टी असा एक माणूस ठेवला. तो पळायचा.

वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. फार वाटलं. इकबालभाईंची हिरवी पाटी कधी झालीच नाही आणि ते मला अजून डाचतं. ते मात्र एवढंच म्हणाले, "सुलूताई, प्रोग्राम चांगला हाय. एक कान कमी हुता, बास." आम्ही पुन्हा मंगळवार पेठेत लोकांच्या मशीनचे वास घेत बसलो.

तीन-चार वर्षांनी दुकानात फोन वाजला. पलीकडे अव्वा. तोवर ती माझ्याशी कंप्युटरबद्दल एकदाही बोलली नव्हती, आणि मीही तिला काही सांगितलं नव्हतं.

"पोरी, धाकटीचं लगीन ठरलंय, शैलीच्याच धाकट्या दिराशी. तुझा त्यो कंप्युटर घिऊन ये."

"अव्वा, अप्पा काय म्हणतील?"

"त्येंस्नी मी बघते. पर एक ध्यानात ठेव, दुरुस्त करून आणू नगंस. शैलीच्या लग्नात जसा बिघडलता, तस्साच बिघडाय पायजे."

मी फोन इकबालभाईंकडे दिला.

त्या लग्नात आम्ही एक कान वाढवला. कोठीघरात, साखरेच्या पोत्याच्या बरोबर वर एक घंटा. मी तिचा नंबर सगळ्यात पहिला ठेवला. दोन्ही मामा याही वेळी होते. त्यांनी टेप आणवून वायरी पुन्हा मोजून घेतल्या आणि त्यांच्या घंटा ठरल्याप्रमाणे अगदी एकदम वाजल्या. कोठीघरातल्या घंटेच्या मागनं.